पूजेला बसलेली पाटी

“पूजेला बसलेलं हत्यार उठवत नसतात, बाई! तुम्ही शिकलेल्या असाल, मोठ्या असाल, पण हे आज उठणार नाय म्हणजे नाय!”

आबा ओरडत होते. आबांचा आवाज असा की त्यांनी करमाडच्या शिवारात बैलाला हाक मारली तर शेंद्र्याच्या कारखान्यातली माणसं जेवणाची सुट्टी झाली समजून डबे उघडायची. तो आवाज आता बजाजनगरच्या दोन खोल्यांत कोंडला होता आणि त्याच्यावर ताण करून त्यांचा नातू शौर्य ओरडत होता. साडेचार वर्षांचा जीव, पालथा पडून फरशीवर कपाळ आपटत होता. त्याची आई अर्चना शेजारी बसून त्याच्या कपाळाखाली आपला तळहात सरकवत होती, म्हणजे फरशीचे दणके तिच्या हातावर बसत होते. बाप कैलास भिंतीला टेकून पंख्याकडे बघत उभा होता, जणू पंखाच काहीतरी निकाल देणार आहे. आणि मी दारात. डोक्यावर हेल्मेट तसंच.

समोर पाटावर लाल कापड. त्याच्यावर कैलासचे पाने, पक्कड, अर्चनाचं शिलाई मशीन, मिक्सर, आबांनी करमाडहून खास पिशवीत घालून आणलेले विळा आणि कुऱ्हाड. आणि मधोमध, झेंडूच्या हारात, हळदीकुंकवानं माखलेली आमच्या केंद्राची बोलकी पाटी.

खंडेनवमी होती. हत्यारांच्या विश्रांतीचा दिवस. वाळूजच्या निम्म्या कंपन्यांत त्या दिवशी यंत्रांना हार पडतात, कोहळे फुटतात, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. त्यात आबांचं काही चुकलं नव्हतं. फक्त त्या पाटावर त्यांनी आपल्या नातवाचं तोंड मांडलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी घरच्यांना सांगितलं होतं. पुष्कळदा. पण मी काय, सांगतच असते.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, “मॅडम, ऑटिझमच्या मुलांसोबत आयुष्य काढलंत, काहीतरी प्रेरणादायी लिहा.” मी म्हटलं, प्रेरणा संपली हो, चार्जर तेवढे शिल्लक आहेत, हवे तर पाठवते. खरंच, माझ्या घरात इतके चार्जर आहेत की त्यांच्या वायरी जोडल्या तर दौलताबादच्या किल्ल्याला दोन वेढे पडून उरलेल्या वायरीवर आमचे हे ओले टॉवेल वाळत घालतील. मी विशेष शिक्षिका. निवृत्त झाले ती कागदावर. केंद्रवाले अजूनही सकाळी फोन करतात, “मॅडम, फक्त अर्धा तास या,” आणि तो अर्धा तास संध्याकाळी दिवे लागले की संपतो.

तर आधी बोलकी पाटी म्हणजे काय ते सांगते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तेवढा चहा घेऊन यावं.

साधा टॅब असतो. पडद्यावर चौकोनी घरं, प्रत्येक घरात एक चित्र. पाण्याच्या घरावर बोट ठेवलं की पाटी म्हणते, “पाणी.” केळ्यावर ठेवलं की “केळं.” सुरुवातीला मोजकी घरं. पोराचा हात बसला की घरं वाढतात. गोंधळ उडाला की पाटी आपणहून घरं कमी करते, चित्रं मोठी करते. म्हणजे पोराला पाटीमागं पळावं लागत नाही, पाटी पोरामागं चालते. ज्या मुलांच्या तोंडून शब्द निघत नाही, किंवा निघाला तर वेळेला निघत नाही, त्यांच्यासाठी हे तोंड. लहानपणी, मेंदू ओल्या मातीसारखा असतो तेव्हा मिळालं तर उत्तम.

ऐकायला किती सोपं! पण यातली मेख अशी की पोर पाटीवर बोलायला शिकतं ते घरच्यांना पाटीवर बोलताना पाहून. आईनं “चल, जेवू” म्हणताना जेवणाचं घर दाबायचं. बापानं “पाणी दे” म्हणताना पाण्याचं. दिवसभर, रोज. आणि इथंच सगळं अडतं. “आम्ही कशाला दाबू मॅडम? आम्हाला तोंड आहे की!” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मकबऱ्याच्या चारही मिनारांना पाठ झालं असेल. अहो, तुम्ही मराठीत बोललात म्हणून पोर मराठी शिकतं ना? घरात सगळे मुके बसले असते तर शिकलं असतं? पण नाही. पाटी म्हणजे औषध. दिलं की गुण आला पाहिजे, आणि घ्यायचं फक्त आजाऱ्यानं.

गिऱ्हाइकं एकेक असत. गिऱ्हाईक म्हणू नये, पालक म्हणावं, पण एवढी वर्षं झाल्यावर मी काहीही म्हणते. एका शेठजींनी मुलीसाठी परदेशातून सगळ्यात भारी पाटी मागवली आणि ती खराब होऊ नये म्हणून लग्नातल्या चांदीच्या ताटाशेजारी कपाटात ठेवली. मी विचारलं, “मुलगी बोलते का पाटीवर?” म्हणाले, “मॅडम, अजून नवी आहे, प्लास्टिकसुद्धा काढलं नाय.” पोरगी हिरमुसून सोफ्याचा कोपरा चावत बसलेली, आणि तिची वाचा कपाटात, मखमलीत. त्या कपाटाची किल्ली शेठाणीच्या कमरेला आणि कंबर रोज भिशीला गेलेली.

रोशन गेटकडच्या एका घरी तर मला पाटीसकट बाहेर काढलं होतं. पाटीत तेव्हा कंपनीनं भरलेला आवाज असायचा, एकदम आकाशवाणी. नातवानं पहिल्यांदा बटण दाबलं आणि पाटी म्हणाली, “मला पाणी हवे आहे.” नानी पलंगावरून ताडकन उठल्या. “ये कौन बाई बोल री? हमारे घर में सरकारी बाई कायकू घुसी?” त्यांचं बरोबर होतं. त्या घरात आजवर कुणाला पाणी हवे नव्हते. त्यांना पानी होना था. मग नानींनीच एकेक शब्द आपल्या आवाजात भरून दिला. भरताना मधेच खोकल्या, तो खोकलासुद्धा पाटीत गेला आणि पोराला तो इतका आवडला की पुढं पाणी मागण्याआधी तो न चुकता खोकल्याचं बटण दाबायचा. तेव्हापासून मी नियमच केला, पाटीत आवाज घरातल्या माणसाचा. शौर्यच्या पाटीत अर्चनाचा आवाज होता.

आता शौर्यच्या घराचं. कैलास वाळूजमधल्या एका कारखान्यात मशीनवर. माणूस कष्टाळू, कमी बोलणारा. मुलगा बोलत नाही हे त्यानं मनातल्या मनात इतकं सोसलं होतं की बाहेर काही निघतच नव्हतं. अर्चना केंद्रात यायची, दोन बस बदलून, पोराला कडेवर घेऊन. रस्त्यात तो ओरडला की माणसं सल्ले द्यायची. मोबाईल देऊ नका. मोबाईल द्या. भूत उतरवा. फटका द्या. ती सगळ्यांना “हो हो” म्हणायची. केंद्रानं तिला पाटी उसनी दिली होती, आजमावून पाहायला. महिनाभरात शौर्य केळं मागू लागला, शूचं सांगू लागला. एकदा रस्त्यावर कुत्रं दिसलं तर कुत्र्याचं घर शोधून दाबलं, कुणाकडं काही न मागता, नुसतं दाखवायला. ते सांगताना अर्चना माझ्यासमोर रडली. मीही रडले असते, पण त्या दिवशी आणखी तिघीजणी रडायला रांगेत होत्या.

कैलास मात्र खूश नव्हता. एकदा रजा काढून केंद्रात आला आणि समोर बसून म्हणाला, “मॅडम, एक विचारू का? आमच्या लाईनवर मशीन आलं. आधी म्हणाले, माणसाच्या मदतीला आणलंय. मग मशीन भराभर काम करू लागलं आन् माणसं घरी बसली. शेजारी उभे राहायचे ते आज कुठं हायेत, ठावं नाय. आता हे मशीन माझ्या पोराच्या वतीनं बोलाय लागलं, तर पोरगं कशाला बोलंल?”

या प्रश्नाला माझ्याकडं ठरलेलं उत्तर आहे. पाटीमुळं मूल मुकं होत नाही, उलट बोलायची गोडी लागते. काहींच्या तोंडात शब्द येतात, काहींच्या येत नाहीत, पण न बोलता कुढणं तरी थांबतं. हे मी झोपेतसुद्धा म्हणते, ह्यांनी ऐकलंय. पण मला हा प्रश्न आजवर असा कुणी विचारला नव्हता. त्याच्या लाईनवरचं मशीन बाजूला ठेवून मी ठरलेलं उत्तर दिलं. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, “दसऱ्यापर्यंत ठिवतो. मग तुमची पाटी तुम्हाला वापस. पोराला बोलायचं आसंल तर बोलंल.”

अर्चना माझ्याकडं बघत होती. मी काहीतरी म्हणेन म्हणून. मला त्या दिवशी शब्द सुचला नाही. चोवीस तास दुसऱ्यांना वाचा वाटणाऱ्या बाईला!

आणि मग खंडेनवमीला दुपारी तिचा फोन आला. बाथरूममधून बोलत होती, नळ सोडून, म्हणजे घरातल्यांना ऐकू जाऊ नये. “मॅडम, आबा आलेत करमाडहून. पूजा मांडली. पाटी पण मांडली. मी नको म्हणले तर आबा म्हणाले, घरातलं सगळ्यात भारी यंत्र ते, त्याला सोडून कशी पूजा करू? आन् हे पण म्हणाले, राहू द्या, एक दिवस पाटीबिगर बघू. मॅडम, सकाळपासून रडू राहिलं लेकरू. मला वढत पाटापाशी नेतं आन् आबा हात आडवा लावतात. प्रसाद दिला, केळं दिलं, पेढा दिला, मोबाईल दिला. सगळं फेकू राहिलं. तुम्ही या ना.”

म्हणजे आबांनी प्रेमापोटी मांडली होती आणि कैलासनं त्या प्रेमाआडून आपली परीक्षा लावून घेतली होती. एक दिवस पाटी बंद. पोरगं बोललं तर बापाचं खरं. नाही बोललं तरी दसरा उद्यावर आलेला, पाटी वापस.

माझी त्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती, पहाटे सगळ्या घरानं लेणीवर जायचं ठरलेलं. गुडघे म्हणत होते, बाई, उद्या पायऱ्या आहेत, आज झोप. मीही तेच म्हणत होते. फोन ठेवून कूस बदलली. मग उठून हेल्मेट शोधलं. हे म्हणाले, “तू गेली नाहीस तर केंद्र बुडेल काय?” मी म्हटलं, “केंद्र नाही बुडणार, माझी दुपार बुडेल,” आणि निघाले.

पुंडलिकनगरहून बजाजनगर म्हणजे सणाच्या दिवशी अख्खं शहर ओलांडायचं. क्रांती चौकात झेंडूचे ढीग इतके की सिग्नलचा पिवळा दिवा कोणता आणि झेंडू कोणता कळत नव्हतं. मी एका ढिगासमोर थांबून राहिले, तो हिरवा होईल म्हणून. नगर नाक्याच्या पुढं प्रत्येक गाडीला हार, प्रत्येक हाराला लिंबू, आणि प्रत्येक चाकाखाली फुटलेला कोहळा. माझी स्कूटी बर्फावर चालवावी तशी घसरत मी पोचले ते थेट आबांच्या आवाजात.

आता तुम्ही परत दारात या. मी तिथंच उभी आहे, हेल्मेट घालून.

“आबा,” मी म्हटलं, “ते हत्यार नाही. तोंड आहे त्याचं. तुमच्या तोंडाला कुणी हार घालून आजचा दिवस गप्प बसवलं तर?”

“मला?” आबा म्हणाले. “मला बसवूनच बघा!”

अर्चनासुद्धा तेवढ्यात हसली. पण आबा पाटासमोरून हलेनात. मी हेल्मेट काढलं, खाली बसले. समजावून सांगितलं, गोड बोलले, आवाज चढवला. माझा आवाजही काही कमी नाही. शेजारच्या बाईनं खिडकी लावून घेतली. आबा एकच म्हणत होते, उठवलेलं हत्यार वर्षभर घात करतं. त्यांच्या भावकीत कुणीतरी खंडेनवमीला कोयता उठवला होता आणि पुढं त्याच कोयत्यानं बोट गेलं. “माझ्या नातवाच्या हातात देऊ व्हय मी आसलं? काही झालं तर?” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. याच्यापुढं काय बोलणार? माणूस आडवा येत असेल तर भांडता येतं. माणूस राखण करायला उभा असेल तर भांडायचं कुणाशी?

मी फार थकले होते हो. थकलेल्या माणसाला खरं बोलणं परवडत नाही. म्हणून मी थाप मारली.

“आबा,” मी म्हटलं, “ही पाटी कुणाची?”

“शौर्यची.”

“नाही. केंद्राची. उसनी दिलीय. आणि उसनं हत्यार पूजेला बसत नसतं. ज्याचं त्यानं पूजावं. बसवलं असेल तर धन्यानं येऊन उठवावं, त्याचा दोष नाही. असा नियमच आहे.”

आबांनी डोळे बारीक केले. “तुमच्यात आसते का खंडेनवमी?”

“आमच्यात नसते,” मी म्हटलं, “म्हणून तर नियम नीट पाठ आहेत.”

आबा कैलासकडं बघू लागले. कैलास पंख्याकडं. मग आबा हळूहळू म्हणाले, “व्हय. उसना नांगर नव्हते बसवत आमचे वडील.” खरंच बसवत नव्हते की बसवत होते, मला माहीत नाही. मी ते तोंडातून काढलं तेव्हा माझ्या डोक्यात नांगर नव्हता, घरी जाऊन पाय वर करून पडणं होतं. पण आबा पाटासमोरून बाजूला झाले. “उचला मग. तुमचं हाय तर तुम्हीच उचला.”

मी हार बाजूला केला, पाटी उचलली. मनात म्हटलं, बाई, काय डोकं आहे तुझं!

“आन् घेऊन जा घरी,” आबा म्हणाले. “परक्याचं हाय म्हणता, तर आमच्या पूजेत नको आन् आमच्या घरातही नको.”

“तेच म्हणू राहिलो मी,” कैलास पहिल्यांदा बोलला. “उद्याच आणून देणार होतो. आता आलाच आहात तर घेऊन जा मॅडम. तुमचीच हाय.”

झालं. आयुष्यात एवढी मोठी थाप कधी एवढी पटली नव्हती. ‘तुमची, तुमची’ म्हणून मीच दावा लावला आणि मीच जिंकले. माझ्या हातात पाटी, अर्चना माझ्याकडं बघतेय. केंद्रातल्या दिवसासारखीच बघत होती, फक्त आता तिचा तळहात लाल झालेला. मला वाटलं, आता खरं सांगावं. पण खरं काय सांगणार? की तुमच्या परंपरेची मी टिंगल केली? पाटी होती केंद्राचीच, तेवढं खोटं नव्हतं. खोटं एवढंच होतं की ती शौर्यची नाही.

मधल्या वेळात शौर्यचा आवाज थांबला होता. तो उठून बसला होता. माझ्या हातातल्या पाटीकडं बघत होता. जवळ आला. मी बटण दाबून पाटी जागी केली.

आणि पाटीला वेड लागलं.

“केळं. केळं. शू. आबा. केळं. शू. शू. आबा.”

पडद्यावर ओली हळद होती. ओल्या बोटांचा स्पर्श समजून पाटी स्वतःच पानं पालटत स्वतःची घरं दाबत सुटली होती, आणि तेही अर्चनाच्या आवाजात. आबांनी हात जोडले. “देवी बोलू राहिली!” म्हणाले. कैलास म्हणाला, “देवी कशाला शू म्हणंल, आबा?” आणि त्या दिवशी पहिल्यांदा कैलास हसला. मी ओढणी काढून पडदा पुसला. कुंकू गेलं नाही, कडेला राहिलं. हळद तर अजून आहे म्हणतात.

मग मी पाटी शौर्यपुढं जमिनीवर ठेवली आणि सगळ्यांना हातानं खुणावलं, गप्प.

आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम हे. वाट बघायची. बोल बाळा, सांग बाळा, काय पाहिजे बाळा, असं काही नाही. विचारायचं नाही, बोट धरून दाबून घ्यायचं नाही, टाळी वाजवायची नाही. पोराला शब्द शोधायला वेळ लागतो आणि आपल्याला गप्प बसवत नाही, म्हणून निम्मी मुलं बोलायच्या आत आपण बोलून मोकळे होतो. मी कित्येक आयांना शिकवलंय, पण माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते करताना जीभ दातांखाली धरावी लागते. आबांना तर घामच फुटला. त्यांचे ओठ हलत होते, अर्चनानं त्यांच्या हातावर हात ठेवला. बाहेर कुणाच्या तरी गाडीखाली लिंबू फुटलं. शौर्यनं पाटीवर बोट फिरवलं, मागं घेतलं. पान पालटलं. माणसांचं पान. तिथं फोटो होते, आईचा, पप्पांचा, आबांचा, माझा.

“मॅडम,” पाटी म्हणाली. अर्चनाच्या आवाजात.

माझं काळीज सुपाएवढं झालं. इतक्या वर्षांत इतकी मुलं, पण कुणी मला हाक मारली की अजून तसंच होतं. मी पुढं झुकले. तो पहिल्या पानावर परत आला, शोधत राहिला, आणि एक घर दाबलं.

“जा.”

मग अर्चना दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, “अगं बाई! मॅडम, मी नाय हो म्हणले!”

“आवाज तर तुझाच हाय,” आबा म्हणाले.

“मॅडम. जा,” पाटी परत म्हणाली. मग शौर्य उठला, माझं हेल्मेट उचललं, दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. परत जाऊन पाटीशेजारी बसला, ती मांडीवर घेतली आणि कुंकवाची कड नखानं खरवडायला लागला.

आबा इतके हसले, इतके हसले की ठसका लागून अर्चनाला पाणी आणावं लागलं. “पाहुण्याला हाकलू राहिलं! बरोबर हाय, आल्यापासून आमचं भांडणच लावलं या बाईनं!” आणि बरोबरच होतं. सकाळपासून घरात आरडाओरडा, त्यात मी येऊन भर घातलेली, हेल्मेटवाली, मोठ्या आवाजाची. त्याला काय नको होतं ते त्यानं अचूक सांगितलं होतं. लोकांना वाटतं, पोराला वाचा आली की ते आधी ‘आई’ म्हणेल, ‘पप्पा’ म्हणेल. म्हणतंही. पण ज्याला वाचा आली त्याला आपल्या मनाजोगतं बोलण्याची सक्ती करता येत नाही, हे गिळायला जड जातं. मलाही जड गेलं. सुट्टीच्या दिवशी गाव ओलांडून, कोहळ्यांवरून घसरत आले आणि माझ्याच विद्यार्थ्यानं मला घराबाहेर काढलं.

पण मूल काही म्हणालं आणि ते रास्त असलं, तर तसं लगेच घडलं पाहिजे. नाही घडलं तर ते पुन्हा कशाला बोलेल? हे मीच शिकवते. जा म्हणाला तर जायचं. चहा नाही, पाणी नाही. अर्चना ‘बसा ना’ म्हणत होती, मी उठले. गुडघे कडकडले. ते आधीच निघायला तयार होते.

दारात चपला घातल्या. पोट भरून हसल्यावर आबा पाटासमोर बसून विस्कटलेली फुलं सारखी करत होते. पाटीच्या जागी लाल कापडावर चौकोनी मोकळी जागा राहिली होती. कैलास मला सोडायला उंबऱ्यापर्यंत आला. मला माझी थाप आठवत होती. पाटी केंद्राची, मी धनीण, घेऊन जायचं ठरलेलं. मागं वळून बघितलं तर शौर्य पाटीवर “केळं” म्हणत होता आणि अर्चना उठून केळं सोलत होती.

अर्चनाकडं बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी कैलासकडंच बघून विचारलं, “मग? नेऊ का पाटी?”

कैलासनं मुलाकडं बघितलं, मग माझ्या स्कूटीकडं.

“तो तुम्हाला जा म्हणला, मॅडम,” तो म्हणाला. “पाटीला नाय.”